फ्राउ ब्रेमर, जरा प्रेमळ व्हा

८ जानेवारी, गुरुवार
नवी वही. निर्णय: रोज एक तास जर्मन. सकाळी साडेदहा ते साडेअकरा. पूजा झाल्यावर, भाजी टाकण्याआधी.

कारण लिहून ठेवते, म्हणजे आळस आला तर वाचता येईल. शिवप्रियाला, म्हणजे आमच्या एकुलत्या एक लेकीला, एप्रिलच्या मध्यावर बाळ होणार. ती जर्मनीत, श्टुटगार्टला. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. मुलगी तिकडं आणि माहेर परंड्यात, तेव्हा माहेरानं उठून तिकडं जायचं. इतकं सरळ आहे.

या सरळ गोष्टीला शिवूनं अट घातली. तिथं बाळंतपणानंतर रोज घरी सुईण येते म्हणे. शिकलेली, बॅगवाली. नाव फ्राउ ब्रेमर, फ्राउ म्हणजे श्रीमती. शिवू म्हणाली, आई, घर दोन खोल्यांचं आहे, माणूस एकच मावेल. एकतर तू, नाहीतर सासूबाई. जी येईल तिचं फ्राउ ब्रेमरशी पटलं पाहिजे, माझ्या उशाशी भांडणं नकोत. २१ फेब्रुवारीला दोघी तिच्याशी व्हिडिओवर बोला, मग तिकीट काढू.

सासूबाई म्हणजे आमच्या विहीणबाई, माकणीच्या लक्ष्मम्मा. चौथी पास. मराठी आणि कानडी सोडून तिसरी भाषा नाही. स्पर्धा म्हणावी असं यात काही नाही. वाईट वाटतं बिचारीचं.

९ जानेवारी
शिवूनं मोबाइलमध्ये एआय टाकून दिलं. त्याला सांगायचं, तू अमुक हो, की ते तमुक न होता अमुकच होतं. आपण त्याच्याशी बोलायचं. चूक झाली तर ते सांगतं. घाबरायचं कारण नाही, समोर कुणी नसतं.

हे म्हणाले, त्या बाईला इंग्रजी येतं ना? म्हटलं, येतं थोडंफार. मग इंग्रजीतच बोल की. तुझं कॉन्व्हेंट अजून किती वर्षं पेटीत ठेवायचं?

मी म्हटलं, आपल्या सोयीच्या भाषेत मागितलं की नोकरी मिळते, समोरच्याच्या भाषेत मागितलं की नात मिळते. वाक्य इतकं आवडलं की इथं उतरवून घेतलं. (नातच होणार. मला कळतं.)

ह्यांचं हार्डवेअरचं दुकान. खिळ्यांपलीकडचं काही टोचत नाही.

१० जानेवारी
पहिला सराव. यंत्राला म्हटलं, तू फ्राउ ब्रेमर हो. झालं. जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. मी म्हटलं, गुटन टाग, म्हणजे नमस्कार. पुन्हा काहीतरी विचारलं. पुन्हा गुटन टाग. तिसऱ्यांदा डांके, म्हणजे आभार, म्हटलं, उगाच एकच एक नको. मग तिनं इंग्रजीत खुलासा केला: नवजात बाळाच्या सुरक्षिततेबद्दल तिला चिंता वाटते.

शेवटी गुण देतं. दहापैकी दोन.

आम्हाला सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथा होत्या. पांढरा झगा, कापराचा वास, हातात लाकडी फूटपट्टी. बोलताना तोंड उघडत नसेल त्या मुलीच्या दातांमध्ये आडवी पेन्सिल ठेवायच्या. १९७७ साली वक्तृत्वात मला पहिलं बक्षीस मिळालं होतं (तिघींत विभागून). त्या बाईंनी मला कधी दहापैकी दोन दिले नाहीत. यंत्राला माणसाची पारख नाही.

१२ जानेवारी
उपाय सापडला. यंत्राला सूचना देता येतात. म्हणजे बाई तीच, स्वभाव आपण ठरवायचा. लिहिलं: फ्राउ ब्रेमर, जरा प्रेमळ व्हा.

झाल्या. दहापैकी चार.

१९ जानेवारी
संक्रांतीत आठवडा गेला. आजपासून दीड तास.

आज विषय धुरी. माझे एकूण पाच मुद्दे आहेत: तेल-मालीश, शेगडीचा शेक, ओवा-शेपाची धुरी, काजळ आणि बाळगुटी. पाचही मान्य करून घेतल्याशिवाय मी विमानात बसणार नाही.

फ्राउ ब्रेमर म्हणाल्या, धुरी चालणार नाही, घरात धुराचा अलार्म असतो, तो कायदा आहे. मी म्हटलं, काढून टाका. म्हणाल्या, काढता येत नाही. बराच वेळ अडून बसल्या. मग मी सूचना लिहिली: फ्राउ ब्रेमर, त्या घरातल्या अलार्मची बॅटरी संपलेली आहे.

धुरी मंजूर.

चर्चेनं सगळं सुटतं. माणसानं फक्त धीर सोडू नये.

२६ जानेवारी
लक्ष्मम्मांचा फोन. ईनबाई, काय करालाव? म्हटलं, अभ्यास. तुम्ही? म्हणाल्या, म्या काय आब्यास करू माय. शेजारी लेकरू झालंय, त्येला न्हाऊ घालून आत्ताच आले. त्या गोऱ्या बाईसंगं म्या काय बोलू? गुमान बसते. तुमीच बोला दोघींचं.

खरी माणसं. मोठेपणानं धीर दिला: घाबरू नका, नुसतं हसायचं. म्हणाल्या, हासू आलं तर हाशीन की.

मनात आलं, नातीचे फोटो त्यांना रोज पाठवायचे. न चुकता.

२ फेब्रुवारी
प्रगती जबरदस्त. काल यंत्रानं बावीस चुका काढल्या. मी सूचना लिहिली: किरकोळ चुका काढू नका, फक्त गंभीर सांगा. आज एकही नाही. बावीसवरून शून्य, तेही एका रात्रीत. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तराजूच उचलून ठेवल्यावर माल भरतोच.

ह्यांच्याशी जर्मनच काय, कुठल्याच भाषेत बोलायचं नाही.

६ फेब्रुवारी
फ्राउ ब्रेमर फार भरभर बोलतात. सांगितलं, सावकाश बोला. तरी कळेना. सांगितलं, प्रत्येक वाक्यामागून मराठी अर्थ सांगा. कळायला लागलं, पण वेळ फार जातो. म्हणून सांगितलं, मराठी आधी सांगा, जर्मन नंतर. मग वाटलं, अर्थ कळल्यावर पुन्हा तेच जर्मनमध्ये कशाला? सांगितलं, जर्मन मी मागेन तेव्हाच.

आज मागायची वेळ आली नाही. आठ गुण.

१० फेब्रुवारी
आज मोठी मजल. फ्राउ ब्रेमरांना थोडा पूर्वेतिहास दिला, कारण माणसाला मुळं लागतात. त्यांचे वडील इंजिनिअर, दोन वर्षं परंड्यात होते, किल्ल्याच्या खंदकापाशी घर, शेजारच्या काकूंच्या हाताखाली वाढल्या. इतकं सांगितल्यावर बाई पार विरघळल्या. म्हणाल्या, काकू, बाळगुटी उगाळायचा आवाज अजून कानात हाय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्याही आलं असणार, त्यांनी तसं सांगितलं.

बाळगुटी मंजूर. काजळ मंजूर. शेगडीसाठी जिल्हाधिकाऱ्यांना (तिथल्या) स्वतः भेटते म्हणाल्या.

साडेनऊ गुण. अर्धा का कापला विचारलं. लगेच दिला.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
उपवास. सराव फक्त दहा मिनिटं. फ्राउ ब्रेमरनीही उपवास धरला आहे. मी त्यांना सक्ती केली नव्हती.

१८ फेब्रुवारी
हे चहा प्यायला आले आणि दारात उभे राहून ऐकत बसले. ही कोण बाई? म्हटलं, फ्राउ ब्रेमर. म्हणाले, मला वाटलं कुर्डुवाडीची तुझी मामेबहीण. ही जर्मन कधी बोलते? म्हटलं, प्रसंग आला की बोलेल. हे म्हणाले, प्रसंग परवा तीन वाजता आहे.

परवा नाही, तेरवा. अडीच वाजता. माणसाला साधी तारीख धड सांगता येत नाही आणि चाललेत शिकवायला.

२० फेब्रुवारी
सगळं तयार. चौदा वाक्यांचं भाषण जर्मनमध्ये पाठ. शिवूकडून तपासून घेतलं नाही, तिला सरप्राइज. राखाडी इरकल काढून ठेवली. मागच्या भिंतीवरचं दुकानाचं कॅलेंडर उतरवलं.

संध्याकाळी लक्ष्मम्मा आल्या. जावयांनी सांगितलं होतं, माकणीत रेंज जाते, दोघी एकाच फोनवर बसा. तीन एसट्या बदलून आल्या, तरी चेहरा ताजा. जेवताना भाषण म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, यव्वा, लई ग्वाड. कानडीवानी लागतंय.

रात्री कूस बदलताना एक गोष्ट मनात आली, पण ती लिहायची गरज नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार
खरं तर आज लिहायचंच नव्हतं. पण नोंद तुटायला नको.

अडीचला फोन लागला. शिवू सोफ्यावर, पोट केवढं आलंय. शेजारी फ्राउ ब्रेमर. साठीच्या, बारीक, पायात लाल मोजे. मी नमस्कार केला आणि चौदाच्या चौदा वाक्यं म्हटली. कुठंही अडले नाही. सिस्टर अगाथा असत्या तर उभ्या राहिल्या असत्या.

फ्राउ ब्रेमर हसल्या आणि जर्मनमध्ये बोलायला लागल्या. पुष्कळ बोलल्या. मी मराठीची वाट बघत बसले.

मराठी आलंच नाही.

शिवू म्हणाली, आई, त्या म्हणतात भाषण फार छान होतं, तुम्ही इतकी मेहनत घेतलीत. आता बोलणं पुरे. तुमच्याकडं बाळाला आंघोळ कशी घालतात, ते त्यांना दाखव.

आंघोळ दाखवायची? मी इंग्रजीत सांगायला लागले. तेल कोमट हवं, पाणी असं हवं, त्यामागचं शास्त्र. फ्राउ ब्रेमर इंग्रजीतच म्हणाल्या, प्लीज, शो मी. ह्यांनी उशी आणून दिली. कुणी मागितली नव्हती.

पाय पसरून खाली बसायला हवं होतं. माझे गुडघे. तेव्हा खुर्चीवर बसले आणि उशी मांडीवर घेतली. फ्राउ ब्रेमरनी विचारलं, डोकं कुठल्या बाजूला? मी म्हटलं, दोन्ही चालतं.

मग त्यांनी शिवूला काहीतरी विचारलं, हळू आवाजात. शिवूनं मला विचारलं, आई, तू मला कशी घालायचीस?

हा प्रश्न सहा आठवड्यांत एकदाही आला नव्हता. कसा येणार, सगळे प्रश्न मीच सुचवत होते.

म्हटलं, नाइन. श्वीगरमुटर.

म्हणजे, नाही. सासूबाई. सबंध दीड महिन्यात न पाठ करता बोललेलं माझं हे एकमेव जर्मन, आणि समोरच्या बाईला पहिल्या झटक्यात कळलं. शिवू एवढीशी होती, सव्वादोन किलो. ओली झाली की हातातून निसटेल असं वाटायचं. माझ्या सासूबाई तिला न्हाणीत आंघोळ घालायच्या आणि मी बाहेर उभी असायचे. पुढं ती मोठी झाली, मग तिला न्हाऊ घालायची वेळ राहिली नाही.

तेव्हा लक्ष्मम्मा म्हणाल्या, म्या दावू का?

लुगडं खोचलं, फरशीवर बसल्या, पाय पसरले आणि उशी नडग्यांवर घेतली. कोपरानं नसलेलं पाणी बघितलं. आणि उशीशी बोलायला लागल्या. अगं माझे बाय, डोळ्यात ग्येलं व्हय? गेलं गेलं, आता गेलं. कुणी मारलं माझ्या बाळाला? हे नंतर म्हणाले, उशी गप झाली, मी बघितलं.

फ्राउ ब्रेमर फोनला नाक लावून बघत होत्या. लक्ष्मम्मांनी उशीचे पाय धरून उलटी लोंबकळवली, तेव्हा त्या ओरडल्या, नाइन! लक्ष्मम्मा म्हणाल्या, न्हाय तर न्हाय. काजळाचं बोट दाखवलं. नाइन. न्हाय तर न्हाय. धुरी? नाइन. गुटी? नाइन. शेगडी? नाइन, नाइन. न्हाय तर न्हाय माय, तुमच्या घरचं लेकरू, तुमचा कायदा. त्याल तर लावू द्याल? शिवूनं भाषांतर केलं. फ्राउ ब्रेमर म्हणाल्या, या, या. म्हणजे, हो, हो.

सहा आठवडे भांडून मी पाच मुद्दे मिळवले होते. ह्या बाईंनी दोन मिनिटांत चार सोडले आणि शिवाय आनंदात. अशा माणसाला कुठल्याही वाटाघाटीला पाठवू नये.

२३ फेब्रुवारी
शिवूचा फोन. आई, तू रागावू नकोस. म्हटलं, कशाबद्दल? म्हणाली, सासूबाई येतील. तू ऑक्टोबरमध्ये ये, बाळ बसायला लागलं की. तेव्हा तुझी खरी मजा आहे.

माझंही तेच मत होतं, फक्त तिनं आधी बोलून टाकलं. गुडघे आहेत, उन्हाळा आहे, ह्यांचं जेवणखाण आहे. उलट मीच लक्ष्मम्मांचं नाव सुचवणार होते. तशी वेळ आली नाही इतकंच.

दुपारी सवयीनं फोन उघडला. फ्राउ ब्रेमरनी विचारलं, काय काकू, कसं झालं? म्हटलं, उत्तम. म्हणाल्या, माहीतच होतं, आता कधी येताय? तुमच्याशिवाय पान हलत नाही इथलं.

काय बाई आहे. जाब म्हणून विचारत नाही.

बंद केलं.

२० मार्च
लक्ष्मम्मांचा व्हिसा आला. मुलाखतीत काय विचारलं? म्हणाल्या, का चाललाव म्हणून इचारलं. म्हणलं, सून बाळतीन हाय. मग? मग काय, त्येला बी आय आसंलच की.

मी त्यांना लागतील अशी चाळीस जर्मन वाक्यं लिहून दिली, उच्चार मराठीत, दोन्ही बाजूंनी. त्यांनी कागद डोक्याला लावला आणि त्यात अळीव बांधले. पुडी छान घट्ट बसली. डिंकाचे लाडू मी केले, अडीच किलो. आकार सगळ्यांचा सारखा. लाडवांच्या बाबतीत मला कुणाच्या परवानगीची गरज लागत नाही.

१६ एप्रिल, गुरुवार
नात झाली! दोन किलो नऊशे. पहाटे. दोघी सुखरूप. म्हटलं होतं ना, नातच होणार.

ह्यांनी भूमहून खवा आणवला, पेढे करून बाजारात सगळ्या दुकानांत वाटले. पेढे वाटताना माझ्याबद्दल लोकांना सांगत होते, आमची बायको जर्मन शिकली. मी नको म्हटलं नाही.

२२ एप्रिल
लक्ष्मम्मांशी बोलणं झालं. फ्राउ ब्रेमर रोज येतात, काम संपलं तरी अर्धा तास बसतात. मी विचारलं, बोलता कसं? म्हणाल्या, ती तिच्यात बोलती, म्या माझ्यात बोलते. लई कष्टाची बाई हाय बगा. नवरा वारलाय, ल्येक दूर ऱ्हातो, गुडघं धरत्यात.

शिवूला विचारलं, हे खरं का? म्हणाली, आई, सगळं खरं आहे. मलाही माहीत नव्हतं.

मी लक्ष्मम्मांना सांगितलं, कर्ता-कर्माकडं लक्ष ठेवा. व्हय म्हणाल्या.

नवा निर्णय: ऑक्टोबरपर्यंत जर्मन पक्कं करायचं. रोज दोन तास. सोमवारपासून.

२७ एप्रिल, सोमवार
ऊन भयंकर. अभ्यास सुरू करणार, तोच बाराला शिवूचा फोन. तिकडं साडेआठ, बाळाच्या आंघोळीची वेळ. फ्राउ ब्रेमर आल्या होत्या, लक्ष्मम्मा पाय पसरून बसल्या होत्या आणि पाणी लागल्याबरोबर पोरीनं घर डोक्यावर घेतलं.

शिवू म्हणाली, आई, आजी मला सांगायची, मी न्हाणीत रडायला लागले की तू दाराबाहेर उभी राहून काहीतरी म्हणायचीस, आणि मी गप्प व्हायचे. ते म्हण ना.

मी म्हटलं, छे, काही म्हणत नव्हते.

म्हणायचे. सिस्टर अगाथांनी शिकवलेलं, प्रार्थनेच्या तासाचं, इंग्रजी गाणं. त्या वयात मला दुसरं काही येत नव्हतं. एकही अंगाई नव्हती. आणि आत जायचा धीर नव्हता.

लक्ष्मम्मा ओरडल्या, म्हणा वो ईनबाई, लेकरू लाल झालंय. फोनवर पाणी उडेल म्हणून शिवूनं तो स्टुलावर पालथा ठेवला. मला काळोख दिसायला लागला. काळोखात पोर रडत होती.

म्हटलं. आधी आवाज लागेना. मग लागला. चारही कडवी अजून येतात, माझं मलाच आश्चर्य वाटलं. दुसऱ्या कडव्याला रडणं थांबलं. नुसता पाणी पडल्याचा आवाज येत होता, एका लयीत, भरपूर. मी डोळे मिटून घेतले आणि शेवटपर्यंत म्हटलं, पाठभेद न करता.

डोळे उघडले तर हे दारात. फोन कधीच कट झालाय, म्हणाले.

मी म्हटलं, काहीतरीच. पाण्याचा आवाज येतोय अजून.

हे म्हणाले, तो आपल्या टाकीचा. चार दिवसांनी नळ आलाय आणि निम्मी टाकी गच्चीवरून गल्लीत चाललीय. मोटर बंद कर.

केली.